दाराचा सिनेमा

मी सातव्या रांगेतला बाक बोलतोय. बाक म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन खुर्च्या: चौदा, पंधरा आणि सोळा. मधले हात दोघांत एक. त्या हातावर कोपर कुणाचं, यावरून माझ्या अंगाखांद्यावर जितकी भांडणं झाली, तितकी भावाभावांत वाटणीच्या वेळीही होत नसतील.

आता मी एका शिंप्याच्या दुकानात असतो. पण माझी उठबस अजून सिनेमावाल्यांतच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मला कुणी साधा बाक समजलेलं चालत नाही.

माझे पाय लोखंडाचे आणि हात सागवानी. ज्या सुतारानं मला घडवलं, तो लाकूड घासताना स्वतःशीच पुटपुटायचा, "पाठ ताठ पाहिजे बाबा. माणूस तीन तास टेकणार आहे." पाठीला लाल रेक्झिन चढलं आणि मला टॉकीजमध्ये नेऊन सिमेंटात पक्कं रोवलं. जागा सातव्या रांगेतली मिळाली. पुढच्या रांगांत मान अवघडते, आणि मागच्या रांगांत लोक पडदा सोडून बाकी सगळं बघतात. सातवी रांग खऱ्या रसिकाची. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, पण अभिमान वाटायला कर्तृत्व लागतंच असं कुठे आहे?

एका सकाळी मी एक गोष्ट पाहिली, ती मात्र माझ्याशिवाय कुठल्याच प्रेक्षकानं पाहिली नाही.

नवा सिनेमा लागायचा होता. नवा आमच्यासाठी. मोठ्या शहरांत फिरून, झिजून, मगच रिळं आमच्याकडे यायची. आमचा ऑपरेटर तेव्हा पंचविशीचा होता. खेळाच्या आधी शेवटचं रीळ तपासून घ्यावं म्हणून त्यानं ते रिकाम्या टॉकीजमध्ये लावलं.

पडद्यावर एक बाप होता. मुलगी त्याच्या मनाविरुद्ध घर सोडून निघाली होती. तिच्या पाठीमागे त्यानं दार लावून घेतलं. ती बाहेर उभी. दार बंद. मग कडी वाजली, दार किलकिलं झालं, बापाचा हात दिसला, आणि तेवढ्यात मशीनमध्ये फिल्म अडकली. पडद्यावर तपकिरी डाग उठला, पसरला आणि त्यानं तो हात गिळून टाकला.

वरच्या खोलीतून ऑपरेटरचा आवाज आला, "मेलो!"

दीड-दोन मिनिटांचा तुकडा जळून, सुरकुतून हातात आला होता. प्रेक्षक यायला अजून तास होता. त्यानं काय केलं ते दुपारच्या खेळाला मला कळलं. दार बंद झालं आणि थेट 'समाप्त'ची पाटी आली. मधलं सगळं कात्रीनं कापून त्यानं जोड मारला होता.

दिवे लागले तरी कुणी उठलं नाही. मग माझ्या सोळा नंबरवरचा माणूस हळूच म्हणाला, "काय शेवट केलाय राव!"

सिनेमा तेरा आठवडे चालला. नाव कुणी घेईना; सगळे म्हणायचे 'दाराचा सिनेमा'. पुढे ती रिळांची पेटी आजूबाजूच्या गावांना गेली. आमच्या अख्ख्या मुलखानं दार बंदच पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी एकटीच दुपारच्या खेळाला आली. पंधरा नंबर. बरोबर पत्र्याची ट्रंक होती, ती तिनं पायाशी घट्ट धरली होती. मध्यांतरात ती उठली नाही. शेवटी दार बंद झालं तेव्हा तिनं माझे दोन्ही हात असे आवळले की माझे स्क्रू करकरले. दिवे लागले. तिनं डोळे पुसले, ट्रंक उचलली आणि ताड ताड निघून गेली. नाटकी रडणारे मी हजार पाहिले होते. ही तसली नव्हती.

वर्षं गेली. टॉकीज ओस पडलं आणि एके दिवशी पाडायला घेतलं. माझे भाऊबंद भंगारात निघाले. मला वाचवलं समोरच्या शिंप्यानं. त्याला सगळे मास्तर म्हणत. चार माणसं लावून त्यानं मला सिमेंटातून उपटलं आणि दुकानात, शिवणयंत्रासमोर आणून ठेवलं. सून म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक यावर बसणार?" मास्तर म्हणाले, "गिऱ्हाईक कुठेही बसेल गं. रसिक यावर बसतील."

आणि बसले की! रोज दुपारी चारच्या चहाला माझ्यावर जी सभा भरायची, तशी टॉकीजच्या मध्यांतरातही कधी भरली नव्हती.

चौदावर स्कूलबसचा ड्रायव्हर. त्याला सगळ्या सिनेमांचे दुसरे भाग आवडत.

"अरे, पहिल्या भागात तो कड्यावरून पडून मेला ना?" मास्तर विचारायचे.

"पडला. मेला कशावरून? प्रेत दाखवलं का?"

"आणि तिसऱ्या भागात?"

"तिसऱ्यात जुळा भाऊ. तुम्हाला मास्तर, दूरदृष्टीच नाही!"

पंधरावर सिस्टर. मोठ्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झाल्या आणि इथे राहायला आल्या. एकदा ब्लाऊज शिवायला टाकायला आल्या, वाद ऐकला, मधेच तोंड घातलं आणि कायमच्या झाल्या. सिनेमा नटाचा असतो, हा त्यांचा पक्ष. मास्तर दिग्दर्शकाचे. "कापड कितीही भारी असू द्या, सिस्टर, बेतणारा चुकला की झालं!" असं म्हणत ते हवेत कात्री चालवायचे.

मी मात्र सिस्टर पहिल्यांदा टेकल्या तेव्हाच ओळखलं. वाद पेटला की त्या माझे हात तस्सेच आवळायच्या.

सोळावर ऑपरेटर. केस पांढरे झालेले. यायचा रोज, बोलायचा कधीच नाही. मत विचारलं तर म्हणायचा, "मी फक्त लावायचो. बघायचं काम तुमचं." दाराच्या सिनेमाचा विषय निघाला की चहाचा कप तोंडाला लावायचा तो रिकामा झाला तरी काढायचा नाही.

तो विषय महिन्यातून दोनदा तरी निघायचाच. मास्तरांचं ते पेटंट व्याख्यान होतं. "दार बंद आणि समाप्त! एवढी छाती असलेला दिग्दर्शक पुन्हा झाला नाही."

मग त्या सिनेमाचा रिमेक आला. रिमेकमध्ये बाप दार उघडतो, मुलीला हाक मारतो, ती धावत घरात येते. दुसऱ्या दिवशी दुकानात शिवण बंद. मास्तरांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा.

"वाट लावली! दार उघडलं! अक्कल गहाण टाकली की काय यांनी?"

"लोकांना गोड शेवट लागतो, मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. "आता दुसऱ्या भागाला वाव आहे बघा."

"मूळ सिनेमात नट बघा," सिस्टर म्हणाल्या, "नुसत्या पाठीनं बाप उभा केला होता त्यानं. आणि इथे हा ढसाढसा रडतोय."

तेवढ्यात सून लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, भांडू नका. रिमेकच्या निमित्तानं जुना सिनेमा साफसूफ करून परत आणलाय. घ्या, शेवट बघा."

ऑपरेटर उठला. "मला जरा काम आहे."

"बसा हो," सिस्टरांनी त्याची बाही धरली. "चाळीस वर्षांनी योग आलाय. कुठे निघालात?"

तो बसला. माझ्या अगदी कडेला, कधीही उठता येईल असा.

लॅपटॉपवर बाप आला. दार लागलं. मास्तरांनी बोट वर केलं, "आता बघा, समाप्त!" पण समाप्त आलं नाही. कडी वाजली. दार किलकिलं झालं. बापाचा हात बाहेर आला, त्यानं मुलीची पिशवी घेतली आणि म्हणाला, "ऊन फार आहे. आत ये."

त्या हाताचं पुढे काय झालं ते कळायची मी चाळीस वर्षं वाट पाहत होतो. पण त्या दुपारी माझं लक्ष पडद्याकडे नव्हतंच, सोळा नंबराकडे होतं.

"हे मागाहून घुसडलंय!" मास्तर ओरडले. "ही भेसळ आहे!"

"भेसळ नाही," ऑपरेटर म्हणाला. एवढी वर्षं ज्याचा आवाज फुटला नव्हता, त्याचा आवाज फुटला. "हेच मूळ आहे. मी कापलं होतं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. मशीन, धूर, कात्री. "खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. आज सांगतो, उद्या सांगतो असं म्हणत राहिलो. मग सिनेमा गाजला आणि लोक शेवटाचंच कौतुक करायला लागले. आता काय तोंडानं सांगणार होतो?"

सिस्टर उठल्या, पर्स घेतली आणि चहा तसाच टाकून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ऑपरेटर मात्र रोज यायचा आणि रिकाम्या पंधरा नंबराकडे बघत बसायचा. ड्रायव्हरनं एकदा विनोद करून पाहिला, पण तो त्याचा त्यालाच आवडला नाही.

पाचव्या दिवशी सिस्टर आल्या. आपल्या जागी बसल्या. मास्तरांनी यंत्र थांबवलं.

"मी तुमच्यावर फार रागावले होते," त्या ऑपरेटरला म्हणाल्या. "चार दिवस झोप लागली नाही."

"रागवा. हक्क आहे तुमचा."

"ऐकून घ्या आधी. मी एकोणीस वर्षांची होते. नर्सिंगला जायचं म्हणाले तर वडील म्हणाले, जातेस तर जा, पण हे दार तुला बंद. ट्रंक घेऊन निघाले. बसला अवकाश होता, म्हणून टॉकीजमध्ये शिरले. खरं सांगू? निम्मं मन घरी परत जायचं म्हणत होतं. पाया पडावं, माफी मागावी आणि विषय संपवावा. पडद्यावर त्या बापानं दार उघडलं असतं ना, तर मी उठून घरीच गेले असते. दार बंद राहिलं आणि मला वाटलं, बंद दारापुढे किती वेळ उभं राहायचं? उठले आणि बस पकडली."

ऑपरेटर खाली मान घालून ऐकत होता.

"दोन वर्षांनी वडील स्वतः इस्पितळात आले. माझा गणवेश बघून म्हणाले, इस्त्री बरी करतेस. त्यांच्या भाषेत ती माफी होती." सिस्टर हसल्या. "पुढे किती बाळं या हातांवर जन्माला आली, मोजली नाहीत. चार दिवस मी हाच हिशोब मांडत होते, की माझं नुकसान झालं की भलं. ऑपरेटर, तुमच्या कात्रीनं मला ती बस पकडून दिली."

त्यानं मान वर केली. "आणि ज्यानं घरी परत जायला हवं होतं, असं कुणी तो शेवट बघून गेलंच नसेल तर?"

"ते मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याचं उत्तर मी कशी देणार? मी माझ्यापुरतं सांगायला आले."

ऑपरेटरनं रुमाल काढला. मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. मग एकदम म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी ज्या थोर दिग्दर्शकाचे गोडवे गातोय, तो रोज इथे बसून माझाच अर्धा चहा पितोय!"

हसून हसून ड्रायव्हर माझ्यावरून खाली घसरला.

तेव्हापासून ऑपरेटरला कंठ फुटलाय. आता त्याला नट, दिग्दर्शक, रिमेक, दुसरा भाग, सगळ्यावर मत आहे, आणि बहुतेक मतं चुकीची आहेत असं सिस्टर म्हणतात. तो म्हणतो, "हे गाणं काढून टाका, सिनेमा सुधारेल." मास्तर म्हणतात, "याच्या हातात कात्री देऊ नका रे कुणी!"

माझं म्हणाल तर वय झालंय. मास्तरांनी कोटाच्या उरलेल्या कापडातून मला नवी पाठ शिवून दिली. चौदा राखाडी, पंधरा निळी, सोळा चौकड्याची. नव्या टॉकीजमधले दिवाणखानी सोफे आता लोकांना झोपवतात म्हणे. मी कुणालाच कधी झोपू दिलं नाही, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो.

एक मागणं आहे. सिनेमा बघून बाहेर पडलेली चार माणसं तुमच्या दारात वाद घालताना दिसली, तर त्यांना हाकलू नका. बसायला काहीतरी द्या. उभ्यानं वाद घालणारा माणूस तावातावानं निघून जातो. बसलेला माणूस चहा मागवतो, आणि एखादे दिवशी पोटातलं सांगतो.

आणि माझ्यावर बसायला आलात, तर सोळा नंबर सोडून कुठेही बसा. तिथलं गिऱ्हाईक वेळेवर येतं, आणि आज त्याला दुसऱ्या भागांच्या विरोधात बरंच बोलायचंय.