कट्ट्यावरची बाई

उद्घाटनाच्या दिवशी माझी बायको कारंज्याच्या कट्ट्यावर बसली आणि नंतर तिला उठता आलं नाही. ती तिथंच राहिली. दोन्ही वेळचा डबा मी घेऊन जायचो, थंडीत शाल, उन्हाळ्यात कांदा घातलेलं ताक. लोक मला विचारायचे, खांबेटेसाहेब, तुम्हाला वाईट नाही वाटत? मी म्हणायचो, अख्ख्या जिल्ह्यात एवढ्या मोक्याच्या जागी बसलेली दुसऱ्या कुणाची बायको दाखवा.

चौक माझा आहे. मालकी नगरपालिकेची, पण डोकं माझं आणि रेघ माझी. माझ्यासारखी रेघ मारणारा माणूस या भागात झाला नाही. हे दुसऱ्या कुणी सांगायला हवं, पण सांगणारे सगळे गेले, म्हणून मीच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली तेव्हा आमच्या गावातल्या गिरण्यांनी खाकी कापडावर बक्कळ कमाई केली होती आणि गावाला धड चौक नव्हता. जनावरांना पाणी पाजायचा एक हौद होता, त्याच्याभोवती भाजीवाल्या बसायच्या, बस. नगराध्यक्ष नेमगोंडा अण्णांनी मला बोलावून सांगितलं की पुण्या-मुंबईच्या माणसानं बघत राहावं असं काहीतरी काढा. मी काढलं. हौदाच्या जागी तीन थाळ्यांचं कारंजं, त्याला गोल कट्टा, एका बाजूला वाचनालय, एका बाजूला घड्याळाचा मनोरा, आणि मध्ये नुसती मोकळी फरशी. भाजीवाल्यांना मी मागच्या गल्लीत हलवलं. मोकळी जागा मोकळी दिसली पाहिजे, त्यात वांगी कशाला?

नगरपालिकेला दाखवायला मी ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं मोठं चित्र काढलं. अशा चित्रात माणसं घालावी लागतात, नाहीतर कारंजं किती उंच ते कुणाला कळत नाही. धोतराच्या निऱ्या काढत बसायला मला वेळ नव्हता, म्हणून मी एका विलायती मासिकातली माणसं उचलली. हॅट घातलेला एक गृहस्थ, छत्रीवाली बाई, साखळीला बांधलेला कुत्रा, ओव्हरकोटातली जोडपी. आमच्या गावात ओव्हरकोट घालायची थंडी पडत नाही, पण चित्र कसं भारदस्त दिसलं.

आपलं म्हणावं असं त्यात एकच माणूस होतं. कट्ट्यावर बसलेली बाई. तिच्यासाठी मी बायकोला, अनसूयेला, परसात उपड्या घंगाळावर बसवलं आणि एक हात पाण्यात सोडल्यासारखा लोंबत ठेवायला सांगितलं. काढून झाल्यावर ती चित्र बघायला आली. नाक-डोळे कुठायत म्हणाली. मी सांगितलं, या चित्रांत कुणालाच नाक-डोळे नसतात, आणि मला चेहरे काढता येतही नाहीत, माझं काम इमारतींचं.

"मग ही मी आहे हे कळणार कसं?"

"मला कळतं ना," मी म्हणालो.

तिचा हात दुखत होता, तो चोळत आत गेली.

उद्घाटनाच्या सकाळी चित्रातली माणसं आली. वाचनालयाच्या बाजूनं हॅटवाला, मनोऱ्याकडून छत्रीवाली, सगळी मी काढली होती त्याच जागी येऊन चालायला लागली. नेमगोंडा अण्णांनी हॅटवाल्याला पाहुणा समजून हार घातला. त्याला चेहरा नव्हता, पण गळा होता. ही माणसं चालायची, पण पोचायची नाहीत. हॅटवाल्याचा उजवा पाय पुढं होता, तो पुढंच राहिला. सावल्या मी डावीकडे टाकल्या होत्या, त्या तेव्हापासून डावीकडेच पडत आल्या, आभाळ भरून आलं तरी. गावाला याचं काही वाटलं नाही. उलट आपल्या चौकात साहेबलोक फिरतात म्हणून शेजारच्या गावांतून माणसं बघायला यायची आणि कडेनं उभी राहायची.

भाषणं लांबली. पेढे वाटले गेले. अनसूयेचा हात पेढ्यानं चिकट झाला, तो धुवायला ती कट्ट्यावर टेकली आणि तिनं हात पाण्यात घातला. नेमका तोच हात. मंडप सोडायला लागले तेव्हा मी तिला म्हटलं, चल.

"मला उठता येत नाहीये हो," ती म्हणाली.

"पायाला मुंग्या आल्या असतील."

"नाही. पाय आहेत. उठणं नाहीये." मग थोडं थांबून म्हणाली, "मी शेगडीवर दूध ठेवून आलेय. भाषणं एवढी चालतील असं वाटलं नव्हतं."

आमचं घर चौकाला लागूनच, कारंज्याच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी. मी धावत गेलो. निखारे लाल होते, दूध पातेल्यात गरम होतं, साय धरायच्या बेतात होतं. मी वाट बघितली. ते वर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निखारे विझले नाहीत, दूध नासलं नाही, त्याला मी हात लावला नाही. माझा चहा मी शेजारी स्टोव्हवर करायला लागलो, वेगळ्या दुधाचा.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली, हे मी ठासून सांगतो. सणाला कारंज्यात रंगीत दिवे लागायचे. बायका अनसूयेशी गप्पा मारायला यायच्या, नवी सून गावात आली की तिला कट्ट्याशी आणून अनसूयेच्या पाया पडायला लावायचे, चैत्रात हळदीकुंकवाला तिची ओटी जागेवरच भरायचे. एका हातानं ती सगळं करायची, दुसरा पाण्यात. इतरांसारखी ती कोरी नव्हती. ती आपल्या पायानं आली होती, म्हणून तिला स्वतःचा चेहरा होता. पाण्यावरचा उजेड त्या चेहऱ्यावर हलायचा. डबा देऊन झाल्यावरही मी उगाच थांबायचो. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसानं असं बघत बसू नये, पण मी बसायचो.

ती अधूनमधून म्हणायची, मला उभी काढा ना. मी समजावून सांगायचो की चित्र मंजूर होऊन सभागृहात टांगलेलं आहे, आणि बघणाऱ्याची नजर डावीकडून शिरते ती तिच्याच अंगावरून कारंज्याकडे जाते. ती उठली तर चित्रच कोसळेल. ती म्हणायची, बरं. मग विचारायची, दुधाचं काय?

"आहे तसंच आहे."

"बघा हं. लक्ष असू द्या."

पुढं एकेक गिरणी बंद पडली. नळाला पाणी एक दिवसाआड यायला लागलं, मग लोकच म्हणाले की कारंज्याला कशाला पाणी? वरची थाळी कोरडी पडली, मग मधली, मग खालची. अनसूयेचा हात कोरड्या खड्ड्यात लोंबत राहिला, बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली. तिथं चहाचे कागदी कप साठायचे, ते मी वेचून काढायचो. रिक्षा उभ्या राहिल्या, वडापावच्या गाड्या आल्या, वाढदिवसाचे फ्लेक्स लागले. शाई उडते तशी माझी माणसंही उडत चालली. छत्रीवाली गेली. हॅटवाल्याची नुसती हॅट राहिली, ती माणसाच्या उंचीवर चालत असायची. कुत्रा मात्र शेवटपर्यंत ठसठशीत होता, तिथं शाई जाड लागली होती.

नगरपालिकेनं सभागृह रंगवायला काढलं तेव्हा ते चित्र मला परत दिलं. मी ते घरी खिडकीशेजारी टांगलं. पावसाळ्यानंतर बघतो तर चौकटीतून वाळवी शिरलेली. मनोऱ्याचा कोपरा तिनं खाल्ला आणि चौकातून मनोरा गेला. पडला असं नाही, तो नव्हताच. त्याच्या मागची घरं पुढं सरकून आली. मी रॉकेल लावलं, औषध मारलं. वाळवी एका बाजूनं थांबली की दुसऱ्या बाजूनं शिरायची, आणि चौक तेवढा आत यायचा. होता होता चौकापलीकडच्या बँकेची भिंत अनसूयेच्या गुडघ्यापाशी येऊन ठेपली. डबा द्यायला मला तिरकं होऊन शिरावं लागायचं. तिला ऊन दिसेना. तरी सावली डावीकडेच होती.

"आता किती उरलंय?" ती विचारायची.

"भरपूर," मी म्हणायचो. माझं काम आहे ते, मला कळतं.

मग रुबीना शिकलगार आली. नगरपालिकेची नवी आर्किटेक्ट, मुलगी हुशार, बोलायला मोकळी. माझ्या पाया पडली, म्हणाली सर, तुमचा चौक बघून मी या लाईनीत आले. मला बरं वाटलं. मग तिनं लॅपटॉप उघडला आणि चौकाचं नवं चित्र दाखवलं. तिच्या चित्रातही माणसं होती. काचेची केल्यासारखी, त्यांच्यातून मागची दुकानं दिसत होती.

कारंज्याच्या जागी काय, मी विचारलं. गाड्या लावायची सोय, ती म्हणाली. मी विचारलं, आणि आमच्या ह्या? तिनं चित्र मोठं केलं, इकडेतिकडे सरकवलं, प्रामाणिकपणे शोधलं.

"त्या यात नाहीत, सर. सोमवारी मंजुरी आहे. एका जागेची दोन चित्रं राहत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगू." मग हळूच म्हणाली, "मी त्यांना घालू शकते. पण माझ्याकडची माणसं अशीच आहेत. आरपार दिसतील त्या."

"माझी बायको आरपार दिसणार नाही," मी म्हणालो. तिला चहा दिला आणि वाटेला लावलं.

त्या दुपारी मी तिरका होऊन भिंतीमागं शिरलो आणि अनसूयेला सगळं सांगितलं.  तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता तरी उठवा मला," ती म्हणाली. "घरी जायचंय मला. दूध ठेवून आलेय."

रविवारी सकाळी चित्र खाली उतरवून खिडकीतल्या टेबलावर पसरलं. वाळवीनं ठेवलं होतं तेवढ्यात कट्टा होता, अनसूया होती, आणि कारंज्यामागचं आमचं घर होतं. दार शाबूत होतं. मला आनंद झाला. शाईचं पेन धुतलं, निब घासली. हात? माझा हात कधी थरथरला नाही, आजही नाही.

नुसती चालताना काढून भागणार नव्हतं. माझी चालणारी माणसं पोचत नाहीत, हे मी हॅटवाल्यावरून शिकलो होतो. म्हणून मी तिला पोचतानाच काढायचं ठरवलं, दारात, एक पाऊल उंबऱ्याच्या आत. चित्रात घर कारंज्याच्या मागं आहे, तेव्हा घरी जाणारी बाई बघणाऱ्याला पाठमोरीच दिसणार. आणि मागचं माणूस पुढच्यापेक्षा थोडं लहान काढावं लागतं. नियम म्हणजे नियम, तो बायकोसाठी वाकवता येत नाही. पाठमोरी बाई मला छान जमते. चेहऱ्याची भानगड नाही. लुगड्याचा काष्टा, पाठीवरचा पदर, अंबाडा, अंबाड्यात अबोलीची वेणी. इतकी सुंदर रेघ मी तरुणपणीही मारली नव्हती. दोन बायका कशा राहतील, म्हणून मग ब्लेड घेतलं आणि कट्ट्यावरची खरवडायला घेतली.

खिडकीतून मला ती भिंतीच्या फटीत दिसत होती. आधी पाय खरवडले, मग मांडी, मग तो पाण्यातला हात. डोकं शेवटी ठेवलं. तिथं माझं ब्लेड थांबलं. फटीतून ती माझ्याकडे बघत होती, उजेड नव्हता तरी तिच्या चेहऱ्यावर पाण्यासारखं काहीतरी हलत होतं. तिनं मान हलवली, म्हणजे आटपा. मी आटपलं.

दारात पावलं वाजली. मी उठून उभा राहिलो. अनसूया उंबऱ्यातून आत येत होती, सरळ माझ्या दिशेनं, आणि मला तिची पाठ दिसत होती. माझ्या खांद्याला लागायची, ती आता कोपराला लागत होती. अबोली ताजी होती. ती माझ्याजवळून गेली, तिच्या अंगाला तिचाच वास होता. मला रडू आलं, लपवलं नाही.

"किती पसारा केलाय हा," पायाला चित्राची चौकट लागली तशी ती म्हणाली. आवाज अंबाड्याच्या पलीकडून आला.

मी वळसा घालून तिच्यासमोर गेलो. तिथं पाठ होती. पदर, अंबाडा, अबोली. मी पुन्हा वळसा घातला. ती शांत उभी होती, मी घालत होतो तेवढे वळसे घालू देत होती.

"कशी आलेय मी?" तिनं विचारलं.

"सुरेख," मी म्हणालो, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीपाशी जाऊन थांबली. निखाऱ्यांनी चट् केलं. पातेल्याच्या कडेनं पहिला बुडबुडा आला, साय थरथरली, आणि दूध वर यायला लागलं.

"तापलं का हो?" अनसूयेनं विचारलं. शेगडी तिच्या पुढ्यातच होती.