न ताणणारा पट्टा

बाइंडरांचे कान मोठे होते आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. कानामागे पेन्सिल खोचायला बरं, एवढाच त्यांचा त्या बाबतीतला विचार. गल्लीत त्यांना सगळे बाइंडर म्हणत. वाचनालयांची, कचेऱ्यांची, विद्यार्थ्यांची खिळखिळी झालेली पुस्तकं त्यांच्या दुकानात येत आणि ताठ पाठीची होऊन परत जात. पण तेच कान मुलीच्या वाट्याला आले तेव्हा गोष्ट वेगळी झाली. शाळेत पोरं तिला 'कढई' म्हणायची, दोन्ही बाजूंना कड्या म्हणून. घरी ती बारकी. बारकी शिकली, मोठी झाली, एका बड्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर लागली, आणि तिथला नियम असा की केस वर बांधायचे, चेहरा मोकळा दिसला पाहिजे. लहानपणापासून केसांखाली दडवलेले कान रोज येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर उघडे पडू लागले. शेवटी तिने स्वतःच्या कमाईतून ते मागे बसवून घ्यायचं ठरवलं.

आईने खूप समजावून पाहिलं. आपल्याच कानांवर पोरगी सुरी चालवून घेते आहे असं बाइंडरांना वाटून गेलं, पण हे बोलायचं कसं ते त्यांना सुचलं नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. घरी सोडताना नर्सने तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पाठीवर झोपायचं, उशा उंच घ्यायच्या. गोळी दुखणं चढायच्या आधी घ्यायची. मोठं बँडेज निघालं की कानांवरून इलॅस्टिकचा पट्टा लावायचा, पण तो असा की खालून दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. आणि दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं; कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, त्यातून एकाच कानात वाढलं, तर वाट न बघता निघून यायचं. बाइंडरांनी मान डोलावली. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं.

बँडेज निघालं तेव्हा कान सुजलेले, जांभळे होते, पण डोक्याला लागून होते. बारकी आरशासमोरून हलेना. मग ती हसली, आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून तिने गाल दाबून धरले. चार दिवसांनी मात्र तिचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले होते, सांभाळलं नाही तर आतले टाके सुटू शकतात. औषधांच्या दुकानातून आणलेला पट्टा दोन धुण्यांतच सैल झाला होता.

"बाबा, परत बाहेर येतील का हो?"

बाइंडरांनी पट्टा हातात घेऊन ताणला, सोडला. ओढावं तिकडे जाणारी वस्तू. हिच्या भरवशावर कुणी काही ठेवतं का? नवा पुठ्ठा ओला असताना वाकतो, पण दाब लवकर काढला की पुन्हा उसळतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पुस्तक दाबाच्या शिकंज्यातून कधी काढायचं यावरच सगळी बांधणी अवलंबून असते. घाई करणाऱ्यांच्या पुस्तकांची पानं गळतात. त्यांनी दुकानात बसून बांधणीच्या कापडाचा पट्टा शिवला. ते कापड तसूभरही ताणत नाही. आतून मऊ अस्तर लावलं, मागे दोन नाड्या दिल्या, टाके इतके बारीक घातले की दिसूही नयेत. लेकीला आपल्या हातचं काही उपयोगी पडेल असा प्रसंग बऱ्याच वर्षांत आला नव्हता. शिवताना ते गुणगुणत होते.

पट्टा बांधला तेव्हा बारकीने दात आवळले. दुखतंय, म्हणाली.

"दुखणारच. वाकवलेल्या वस्तूला आपली जुनी जागा आठवते. ती विसरेपर्यंत दाब सोडायचा नसतो."

हे तिला पटलं. तिला ते पटवून घ्यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी डावा कान ठणकू लागला. घास चावताना कळ थेट दाढेत उतरे, म्हणून आईने सगळं पातळ करून द्यायला सुरुवात केली. गोळीची वेळ व्हायच्या आधीच बारकी गोळी मागायची. गोळ्यांनी पोट बिघडलं, मळमळ सुरू झाली, आणि उमासा आला की डोक्यात घण बसल्यासारखं व्हायचं. उजवा कान गप्प होता. बाइंडर रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की नाड्या सोडून पुन्हा बांधत, आणि आता सूज उतरून पट्टा ढिला पडला असेल या हिशेबाने थोड्या आवळून बांधत.

आईने एकदा पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. नखही शिरलं नाही.

"अहो, बोट जात नाही याच्यात."

"अगं, ते नर्सने इलॅस्टिकचं सांगितलं होतं."

"ते पुस्तक नाही."

"एवढं कळतं मला," बाइंडर म्हणाले, आणि आईने पट्टा तसाच राहू दिला. पलंगाच्या पायापासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत, त्या घरात त्यांनी जोडलेली वस्तू आजवर सुटली नव्हती.

बारकीने डॉक्टरांना फोन करू का म्हणून विचारलं, तेही त्यांनाच. बाइंडर म्हणाले, डॉक्टर पट्टा सोडायला लावतील आणि केलेलं सगळं वाया जाईल. आणखी थोडी कळ काढ. ती भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, काढते. फोन तिच्या मांडीवरच होता.

मग एका सकाळी कान दुखायचा थांबला.

बारकी उठली ती हसतच. पोटभर जेवली, आईला चिडवलं, की आता तुझी पातळ पेज बंद. बाइंडरांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "बसला," ते म्हणाले, आणि दुकानात जाऊन त्या दिवशी त्यांनी बरंच काम उरकलं. घरी आले तर आई दारातच उभी होती. पोरीजवळ वास येतोय, म्हणाली.

बाइंडरांनी नाड्या सोडल्या. वास त्यांना ओळखीचा वाटला. उन्हाळ्यात डब्यात विसरलेल्या, पुस्तकं चिकटवायच्या सरसाला असा वास येतो. डाव्या कानाची वरची कड काळी पडली होती, ओल्या चामड्यासारखी, आणि तिच्याखाली पिवळं पाणी साचलं होतं. त्यांनी बोटाने हळूच स्पर्श केला.

"काय झालं? बघताय ना?" बारकीने विचारलं.

"हात लावला आत्ता."

"लावलात? मला कळलं नाही."

दवाखान्यात डॉक्टरांनी कान पाहिला. मग हा पट्टा कुणी बांधला असं विचारलं. मीच घट्ट बांधत होते, बाबा नको म्हणत होते, असं बारकीने लगेच सांगून टाकलं. बाइंडर पुढे झाले.

"खोटं बोलते ती. मी बांधत होतो."

कुणी बांधला याने आता फरक पडत नाही, डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. सुजलेल्या कानाला फुगायला जागा लागते. ती मिळाली नाही म्हणून रक्त पोचलं नाही, आणि तेवढा भाग मेला. दुखत होतं तोवर वाचवता आला असता. आतलं मऊ हाडही सडलं आहे, ते काढावं लागेल.

वरचा अर्धा कान गेला. उजवा मात्र छान बसला होता, कुणीही हेवा करावा असा. कपड्यांच्या दुकानाने बारकीला काढलं नाही. मागच्या कोठारात घड्या घालायला बसवलं, तिथे केस कसेही चालत.

घरी ती बापाशी पूर्वीसारखीच वागे. चहा विचारी, कोठारातल्या बायकांच्या नकला करून दाखवी. चष्मा लागला तर एकाच काडीचा घेऊ, स्वस्तात पडेल, असंही एकदा म्हणाली, आणि आई ताट तसंच टाकून उठली. बाइंडरांनी एकदा माफीसारखं काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर तिने त्यांना मधेच थांबवलं. जाऊ द्या हो बाबा, म्हणाली, मलाही तो घट्टच हवा होता.

जखम भरायला फार दिवस लागले. पट्टी बदलायचं काम आई करायची, आतल्या खोलीत, दार लावून. बाइंडर बाहेर खुर्चीवर बसत. आतून बोलण्याचा आवाज येई, मग बोलणं थांबे, मग नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज. दार उघडून बारकी बाहेर येई तेव्हा तिच्या खालच्या ओठावर दातांचे वण असत.

"दुखलं का गं फार?"

"नाही बाबा. अजिबात नाही."

ती त्यांच्याकडे बघून हसे आणि स्वयंपाकघरात जाई. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की ते पुन्हा तेच विचारत, आणि ती तेच सांगत असे.