भाकर शेवटच्या बाकापर्यंत

पाववालीचा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. तो रंगाच्या कारखान्यात कामाला होता. टाकी घासायला आत उतरला, आणि टाकी रिकामी आहे असं समजून मिस्त्रीने वाफेची चावी फिरवली. चौकशी झाली, अपघात ठरला. मिस्त्री नवऱ्याचा जिवलग दोस्त, घरातलाच माणूस. त्या दिवसापासून तो घरी फिरकला नाही, आणि तिनेही त्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं.

चर्चमध्ये मात्र ते जमत नव्हतं. मिस्त्री दर रविवारी येई, शेवटच्या बाकावर बसे, आणि प्रभुभोजन सुरू झालं की टोपी उचलून निघून जाई. प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून मोडून खायची ती भाकर पाववालीच्याच भट्टीतली. पीठ मळताना तिला वाटे, बरं आहे, माझ्या हातचं त्याच्या घशाखाली उतरत नाही ते.

एका रविवारी प्रभुभोजनाच्या आधी तिने सहज मागे पाहिलं. मिस्त्रीच्या शेजारी तिचा नवरा बसला होता. कामाचे कपडे, बाह्या दुमडलेल्या, मान कललेली. जिवंतपणीही तो प्रवचनात असाच पेंगायचा. फक्त त्याच्या खांद्यांवरून बारीक वाफ निघत होती.

"आई, मागे काय बघतेस?" मुलीने कुजबुजत विचारलं.

"काही नाही. दार उघडं राहिलंय."

त्यानंतर प्रत्येक प्रभुभोजनाला तो दिसू लागला. तिने आपल्या बाजूची जागा मोकळी ठेवून पाहिली. तो तिकडे बघेसुद्धा ना. मिस्त्री उठला की तोही उठे आणि त्याच्यामागून बाहेर जाई. तिच्या अंगाचा तिळपापड होई. मेल्यावरही याला दोस्तच लागतो.

शेवटी तिने चर्चच्या पाळकांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"त्या मेजावर कुणी एकटं जेवत नाही," ते म्हणाले. "गेलेले असतात, राहिलेले असतात. सगळे मिळून एकच शरीर. एकाला बाहेर ठेवून बाकीच्यांनी जेवायचं, हे तिथे चालत नाही."

"म्हणजे मी त्याला माफ करू?"

"ते मी कसं सांगू? तुझा नवरा कुठे बसतो, ते तूच सांगितलंस."

ती तणतणत घरी गेली.

पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट हातोहात फिरत तिच्याकडे आलं. मागे मिस्त्री टोपी चाचपत होता. ती ताट घेऊन उठली आणि सरळ शेवटच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मला नको," मिस्त्री म्हणाला. "माझे हात..."

"तुमच्या शेजारी कोण बसलंय, ठाऊक आहे?"

मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हालाही दिसतो? मला वाटलं, माझ्याच मानगुटीवर बसलाय. म्हणून तर पळतो. तो बघत असताना खाऊ कसा?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. पाळीवरून घरी आल्यावर तो जसा चुलीकडे बघायचा, तसा तो ताटाकडे बघत होता.

तिला कळून चुकलं, हे खाल्लं गेलं की हा जाणार. ताट घेऊन मागे फिरावं असं तिला फार वाटलं. मग तिने तुकडा मोडला.

"घ्या, भावजी."

मिस्त्रीने दोन्ही हात पुढे केले. त्याने खाल्लं, मग तिने खाल्लं. मान वर केली तेव्हा बाकावर मिस्त्री एकटाच होता.

मन हलकं वगैरे काही झालं नाही. जाताना नवऱ्याने आपल्याकडे एकदा बघितलंही नाही, म्हणून ती घरी येऊन खूप रडली.

शनिवारी मिस्त्री भट्टीवर आला. तिने त्याला पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि मळता मळता विचारलं, "आत उतरायच्या आधी तो काय म्हणत होता?"

"पोरीचे बूट चावतात म्हणत होता. एक नंबर मोठे घ्यायला हवेत म्हणे." मिस्त्री थांबला. "मग चहा कुणी आणायचा यावरून आमची जुंपली."

"कुणी आणला?"

"त्याने."

तिचे हात पिठात तसेच राहिले.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.