जादाचा एक्स

अमरसिंह खराडे यांचा धंदा एका पुस्तिकेवर चालत होता. नेटवर्क कार्डं तैवानहून यायची; ती सगळ्यांचीच तिथून येत. पण ते कार्ड कसं चालवायचं हे संगणकाला शिकवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, खराड्यांनी स्वतः लिहिला होता, आणि तो कसा बसवायचा, वायर कशी जोडायची, हे साध्या मराठीत छापून दिलं होतं. जिल्ह्यातल्या पतसंस्था, दूध संघ, छोटे कारखाने, जिथे वायरमनच संगणकाचा डॉक्टर होता, तिथे ती पुस्तिका टेबलाच्या खणात असायची.

२००४ च्या जानेवारीत प्रसेनजीत कुरणे त्या पुस्तिकेची नवी आवृत्ती तपासत होता. ऑफिस राजारामपुरीत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली पोरं गाड्या लावण्यावरून भांडत होती. प्रसेनजीतसमोर एक तक्ता होता. कार्ड कुठल्या कुठल्या पद्धतीने चालतं त्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे वायरीतल्या किती जोड्या लागतात ते. '१००बेस-टीएक्स' पुढे लिहिलं होतं: दोन जोड्या. त्याच्या खालच्या ओळीत होतं '१०००बेस-टीएक्स', आणि पुढे फक्त 'वरीलप्रमाणे'. जुन्या आवृत्तीतही हेच छापलेलं होतं.

नाव चुकीचं होतं. खरं नाव १०००बेस-टी. शेवटी एक्स नाही. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींत पिळलेल्या, अशा चार जोड्या. शंभरच्या वेगाला त्यातल्या दोन पुरतात. हजारच्या वेगाला चारही लागतात. ज्याने एक्स लावला, त्याने वरच्या ओळीचं नाव खाली ओढलं, आणि नावाबरोबर शेराही आला.

"सर, हा एक्स काढायला हवा. आणि हे वरीलप्रमाणेसुद्धा."

खराड्यांनी चष्मा वर केला. "चिप बनवणाऱ्यांच्या कागदावर टीएक्सच आहे की. त्यांच्यापेक्षा तू शहाणा?"

"त्यांचंही चुकलंय. बऱ्याच जणांचं चुकलंय."

"आणि ड्रायव्हरमध्ये? तिथंही मी टीएक्सच घेतलंय. पुस्तिकेत एक्स काढला की लोक एक्सशिवाय टाईप करणार, मशीन म्हणणार असलं नाव नाही, आणि फोन कुणाला? मला."

"ड्रायव्हरला दोन्ही नावं चालतील असं करू. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मार्चच्या सीडीत बघू," खराडे म्हणाले. "एका अक्षरानं काय आभाळ कोसळत नाही."

तो शुक्रवार होता. संध्याकाळी प्रसेनजीत राधानगरी रस्त्यावरच्या आपल्या गावी गेला. त्याचे वडील आकाराम तिथल्या दूध शीतकरण केंद्रात कॉम्प्रेसर चालवत. दूध गार ठेवायचं ते अमोनियाने. अमोनियाच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यामुळे आकारामच्या नाकाला आता त्याचा वास लागत नसे. डोळ्यांना चुरचुरायला लागेपर्यंत त्यांना काही कळत नव्हतं. म्हणूनच वर्षभरापूर्वी केंद्राने कॉम्प्रेसरच्या खोलीत गॅस ओळखणारा सेन्सर बसवला होता. सेन्सरचा आकडा तिथल्याच, खराड्यांचं कार्ड घातलेल्या एका संगणकातून नेटवर्कच्या वायरीने गेटवरच्या संगणकावर जायचा. आकडा पंचवीसच्या वर गेला की तो संगणक भोंगा वाजवायचा. आकारामचं नाक आता गेटवर होतं.

"रविवारी मशीन बंद ठेवणार," आकाराम जेवताना म्हणाले. "सील बदलायचंय. त्याच वक्ताला वायरमन केरबा गेटवरचा स्विच बदलून घेतोय, वायरी जोडायची ती डबी. जुना सारखा अडकतोय. नवीन आणलाय, हजारवाला."

प्रसेनजीतचा हात थांबला. "वायर तीच ठेवणार?"

"ती कशाला बदलायची? झकास हाय. केरबा लई हुशार गडी. त्याच एका वायरीत त्येनं इंटरकॉम बी बसवलाय. चार तारा कॉम्प्युटरला, चार इंटरकॉमला. दुसरी वायर वडायलाच लागली न्हाय."

"आबा, नव्या स्विचला चारही जोड्या लागतात. दोनवर तो चालणार नाही."

"मग न्हाय चालला तर केरबाला दिसंलच की."

दिसणार नव्हतं, आणि प्रसेनजीतला नेमकी तीच भीती होती. हजारच्या वेगाने बोलायचं हे दोन्ही टोकं आपापसात ठरवतात, आणि तेवढं ठरवायला दोन जोड्या पुरतात. ठरलं की बोलायला जातात आणि उरलेल्या दोन सापडत नाहीत. मग पुन्हा ठरवायला बसतात. स्विचचा दिवा लागतो, विझतो, लागतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काम चाललंय.

शनिवारी सकाळी तो केरबाच्या दुकानात गेला. केरबा वायरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसला होता.

"काय रं आकारामच्या पोरा? सायब झालास म्हणं."

प्रसेनजीतने सगळं सांगितलं. केरबाने ऐकून घेतलं, मग खण उघडला आणि पुस्तिका काढली. अंगठ्याच्या डागाने काळं पडलेलं पान त्याच्यासमोर धरलं.

"वाच. टीएक्स म्हंजे दोन जोड्या. हितं बी टीएक्स, तितं बी टीएक्स. वरीलप्रमाणे. कुणी छापलंय ह्ये? तुज्याच मालकानं छापलंय की!"

"चुकलंय ते."

"मग तसं छापून आण. शिक्क्याचा कागद आण. तू तोंडानं सांगणार आन् मी केंद्राचा इंटरकॉम तोडणार? मॅनेजर मलाच तोडंल."

प्रसेनजीत परत राजारामपुरीत आला. खराडे घरी निघण्याच्या बेतात होते. त्याने एकच ओळ मागितली: हजारच्या वेगाला चारही जोड्या लागतात, पुस्तिकेतलं नाव चुकलेलं आहे.

"लेटरहेडवर?" खराडे म्हणाले. "म्हणजे उद्या कुणाचंही काही बिघडलं की तो कागद माझ्या तोंडावर. नाही बाबा. सोमवारी मी स्वतः केरबाला फोन करतो."

"उद्या स्विच बसतोय, सर. तिथं माझे वडील आहेत."

खराड्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "मग तू तिथं जा. वडिलांकडे जायला माझी चिठ्ठी कशाला?"

रविवारी दुपारी तो केंद्रात पोचला तेव्हा सील बदलून झालं होतं आणि नवा स्विचही बसला होता. गेटच्या केबिनमध्ये केरबा खुर्चीत चहा पीत होता. पहारेकरी गणपतराव, पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, संगणकासमोर ताठ बसला होता. पडद्यावर हिरव्या अक्षरात शून्य होतं.

प्रसेनजीतने आधी स्विच बघितला. दिवा लागला. विझला. लागला.

"लिंक येतच नाही," तो म्हणाला. "हा दिवा बघा."

"त्यो लुकलुकतोय म्हंजे डेटा चाललाय," केरबा म्हणाला.

"शून्य सकाळपासून हललंय का?"

गणपतरावांनी विचार केला. "रोज जरा एक-दोन व्हायचं. आज न्हाय. आज एकदम शांत हाय."

"शांत नाही, बंद आहे. शेवटचा आलेला आकडा तसाच दिसतोय. गणपतराव, मला जरा बसू द्या. दोन्ही संगणकांचा वेग शंभरावर बांधून ठेवतो."

"मॅनेजरसायबांशिवाय कॉम्प्युटरला हात न्हाय. आन् सायब लग्नाला गेल्यात."

केरबाने इंटरकॉम उचलला. "वायर खराब म्हणतोयस न्हवं? ऐक." स्पीकरचं बटण दाबून तो ओरडला, "आकाराम! ऐकू येतंय का?"

"पन्हाळ्यावर बी ऐकू गेलं आसंल," आतून आवाज आला. स्वच्छ, खरखर नाही. "हळू बोल की लेका."

"बघ," केरबा म्हणाला. "वायर चोख हाय."

प्रसेनजीत इंटरकॉमकडे वाकला. "आबा, मशीन चालू करू नका. आधी सेन्सर तपासू."

"चालू करून झालं. दुधाचा टँकर दारात हाय. दूध काय माझ्यासाठी थांबतंय?"

"मग आत्ता तपासा. अमोनियाच्या पाण्यात बोळा भिजवा आणि सेन्सरसमोर धरा. इथं आकडा वाढायला पाहिजे."

सेन्सर इंटरकॉमच्या शेजारीच भिंतीवर होता. त्याला आकड्यांची एक बारीक खिडकी होती, पण ती बसवणाऱ्यांशिवाय कुणी वाचत नसे. भोंगा असताना गरज नव्हती. थोड्या वेळाने आकारामचा आवाज आला.

"धरला बोळा. हितं दिसतंय... तीस. पस्तीस."

गेटवर शून्य होतं. गणपतराव पडद्याच्या अगदी जवळ गेले. केरबाने चहाचा कप खाली ठेवला.

"सेन्सर आन् आतल्या कॉम्प्युटरच्या मधलंच कायतरी बिघडलं आसंल," तो म्हणाला. आवाज मघासारखा नव्हता.

"बस्स झालं, आबा," प्रसेनजीत म्हणाला. "टाका बोळा, बाहेर या."

"टाकला की." मशीनची घरघर ऐकू येत होती. "चाळीस झालं ह्ये. पंचेचाळीस."

"बोळा लांब फेका."

"प्रसन्या, बोळा मी कवाच बाहीर फेकलाय." आकाराम खोकले. "साठ."

नव्या सीलमधून गॅस येत होता. वायर एकच होती. तिच्यातल्या दोन जोड्या आकारामचा खोकला गेटपर्यंत आणत होत्या आणि उरलेल्या दोन काहीच आणत नव्हत्या.

"भोंगा वाजवा!" प्रसेनजीत ओरडला.

गणपतरावांचा हात भोंग्याच्या बटणाजवळ गेला आणि थांबला. त्यांची नजर पडद्यावर होती. "पर हितं शून्य हाय की."

"माणूस सांगतोय ना आतून!"

"शून्यावर भोंगा दिला तर मला जाब इचारत्यात."

प्रसेनजीतने त्यांना बाजूला ढकललं आणि बटण दाबून धरलं. भोंगा सुरू झाला. टँकरजवळची माणसं आधी वर बघू लागली, मग पळू लागली. इंटरकॉमवर आकाराम म्हणाले, "वॉल्व बंद करतो," आणि त्यानंतर फक्त मशीनचा आवाज आला. प्रसेनजीत हाका मारत राहिला. बटण सोडलं असतं तर भोंगा थांबला असता, आणि मागच्या शेडमध्ये अजून माणसं होती.

केरबाने खांद्यावरचा टॉवेल माठात बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि तो कॉम्प्रेसरच्या खोलीकडे धावत सुटला.

मशीनची घरघर थांबली. इंटरकॉमवर काहीच उरलं नाही. बऱ्याच वेळाने शेडच्या कोपऱ्यावरून केरबा येताना दिसला. त्याच्या पाठीवर आकाराम होते, हात लोंबत होते. हौदाशी नेऊन लोकांनी त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतायला सुरुवात केली. गेटवर शून्य तसंच होतं.

आकाराम वाचले. डावा डोळा बरा झाला. उजव्यावर पांढरट साय आली ती राहिली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ आत राहिले असते तर डोळ्यांबद्दल बोलायची वेळ आली नसती.

खराडे दवाखान्यात येऊन गेले. खाटेपाशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी स्वतः ड्रायव्हर उघडला आणि दोन्ही नावं चालतील असं केलं. पुस्तिकेतला एक्स गेला. 'वरीलप्रमाणे' जाऊन 'चारही जोड्या' आलं. नवी पानं लगेच छापून जुन्या गिऱ्हाइकांना पोस्टाने गेली. किती जणांनी पाकिटं फोडली, कुणास ठाऊक.

प्रसेनजीत केरबाकडे गेला. "अशी वायर आणखी कुठं कुठं घातलीय?"

केरबाने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. "सगळीकडंच," तो म्हणाला. "जितं इंटरकॉम मागितला तितं सगळीकडं."

ते आधी अमोनिया असलेल्या जागी गेले. शहराबाहेरच्या एका बर्फाच्या कारखान्यात मालकाने चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमचं चालतंय की," तो म्हणाला. "आकडा हलतोय, इंटरकॉम वाजतोय. चांगल्या वायरीला कात्री कशाला लावायची? उन्हाळा झाल्यावर बघू."

"जुना स्विच आहे म्हणून चालतंय," प्रसेनजीत म्हणाला. "तो बदलला की—"

"त्यो बदलणारच हाय." मालकाने कपाटावरचं खोकं दाखवलं. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. "जावई पुण्यासनं येतोय शनिवारी. कॉम्प्युटरातलाच हाय त्यो, चुटकीसरशी बसवतो म्हणाला."

"जावयाला दिवा लुकलुकताना दिसेल आणि तो जेवायला बसेल."

"पावणं, लई भ्या घालू नगा."

केरबा उठला. पिशवीतून कात्री काढून तो भिंतीपाशी गेला आणि त्याने इंटरकॉमकडे जाणाऱ्या तारा पुरत्या तोडल्या.

"आरं, आरं! काय केलंस ह्ये?"

"आता बंद पडलाय," केरबा म्हणाला. तोडलेली टोकं त्याच्या मुठीत होती. "आता तरी चारी जोड्या कॉम्प्युटरला जोडू दे."

मालकाचा हात फोनकडे गेला. केरबा पाठ फिरवून एकेका तारेचं प्लास्टिक सोलू लागला.