तारेसाहेबांच्या कानांनी

मंगळवार, नऊ तारीख. हवा ढगाळ. वारा पडलेला, पडद्याच्या कड्या दिवसभरात एकदाही वाजल्या नाहीत.

मी उजव्या कानातलं यंत्र बोलतोय. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात मी बसतो आणि जे त्यांच्यापर्यंत पोचत नाही ते उचलून आत नेऊन देतो. डाव्या कानासाठी माझा जुळा भाऊ आहे. तोही माझ्यासारखाच अबोल. पण आज कुणीतरी बोलायलाच हवं, म्हणून मी.

मला डोळे नाहीत. त्यामुळे मी सांगतो ते सगळं ऐकीव आहे. वरची ढगाळ हवासुद्धा ऐकीवच. पण माणसांच्या ऐकीव गोष्टींत आणि माझ्या ऐकीव गोष्टींत फरक असा, की मी ऐकताना मध्ये बोलत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका तोंडाला फडकं बांधून काम करत आणि दिवसभर कुणी कुणाशी बोलत नसे. ऐकण्याचं यंत्र इतक्या गप्प खोलीत बनतं, याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. सगळे भाग जोडून झाल्यावर एका बाईनं मला स्वतःच्या कानाशी नेलं, "हं" म्हणाली आणि डबीत ठेवलं. माझ्याबद्दल कुणी दिलेलं ते पहिलं मत. मला अजूनही ते पुरेसं वाटतं.

तिथून गोदाम, गोदामातून गाडी, गाडीतून, त्या नऊ तारखेच्या मंगळवारी, तिसऱ्या मजल्यावरचं हे घर. दार उघडलं आणि एक भारदस्त आवाज म्हणाला, "खोकं दणकट आहे. चिकटपट्टी जरा जास्तच मारलीये. वेळ मात्र पाळली."

हे तारेसाहेब. खरं आडनाव मला कळलं नाही, इमारतीत सगळे त्यांना याच नावानं ओळखतात. विम्याच्या कचेरीत नोकरी, आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर घेतलेल्या प्रत्येक वस्तूला तारे देणं. पाचपैकी किती ते ठरवायचं, आणि खाली कारणं लिहायची. लिहिताना मोठ्यानं म्हणायची सवय असल्यानं घरात सगळ्यांना ती कारणं पाठ. जिन्यात कुणी भेटलं की विचारणार, "साहेब, कपडे धुण्याचं मशीन कुठलं घेऊ?" मग साहेब एका पायरीवर आणि विचारणारा दोन पायऱ्या खाली, असं अर्धा तास चालायचं. त्यात नेट कुणाचं चांगलं, कुठली कंपनी फोन उचलत नाही, कुणाचं ॲप पूर्वी बरं होतं आणि आता कसं बिघडवून ठेवलंय, हे सगळं यायचं. त्या ॲपबद्दल माणसं ज्या कळकळीनं बोलतात तशी घरच्यांबद्दल बोलताना मी अजून तरी ऐकली नाहीत. पण माझं आयुष्य अजून लहान आहे.

तारेसाहेबांच्या घराचा एक नियम होता. कुठलीही वस्तू आली की आधी ती साहेब स्वतः वापरून बघणार. परत करायची मुदत संपत आली की निकाल. तोवर वस्तूवरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा नाही आणि खोकं टाकायचं नाही. या नियमानं साहेबांनी केस वाळवायच्या यंत्राला चार तारे दिले होते. साहेबांना केस नाहीत. भाचीसाठी मागवलेल्या, गरोदरपणात घ्यायच्या उशीवर ते आठवडाभर झोपले होते आणि तिला तीन तारे मिळाले होते. "पोटाला आधार बेताचा," असं कारण.

माझी खरी धनीण ताई. साहेबांची बायको. मागच्या खोलीत शिवणकाम करतात: पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या पँटी आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं. गिऱ्हाइकं त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या लेकीनं आईसाठी मला निवडलं होतं. पण घरातली खरेदी साहेबांच्या खात्यातूनच व्हायची, त्यामुळे मी आलो तो साहेबांच्या नावानं.

खोकं उघडल्यावर ताईंनी आतला कागद वाचला. मग त्यांचा आवाज आला. हळू, एकसारखा, शिलाई मशीनच्या आवाजाच्या जरासा खाली राहणारा.

"अहो, यात एक चाचणी आहे. बारीकमोठे आवाज ऐकवतात, ऐकू आले की बटण दाबायचं. त्यावरून यंत्र माझ्या कानाला जुळवून घेतं. ती मी द्यायची ना?"

"आधी मी बघतो," साहेब म्हणाले. "फोन माझा, खातं माझं. तुला पासवर्ड लागेल, मग तो संदेश येईल, मग तू मला हाक मारणार. त्यापेक्षा मीच करतो."

आणि मी साहेबांच्या कानात गेलो.

चाचणी सुरू झाली. टूं, टीं, टुक. साहेब दर आवाजाला बटण दाबत होते. अगदी शेवटचा, डासाच्या श्वासाएवढा आवाज आला, तोही त्यांनी टिपला. मग फोन बोलला, "आपली श्रवणशक्ती उत्तम आहे."

"बघितलंस?" साहेब ओरडले. "पैकीच्या पैकी!"

मी त्यांच्या कानांना जुळवून घेतलं. माझं कामच ते. उत्तम कानाला मदत नको असते, म्हणून मी मदत करायची बंद केली. म्हणजे खरं सांगायचं तर त्या क्षणापासून मी कानात घालायचा एक नीटनेटका खडा होतो.

आठवडाभर साहेबांनी मला कचेरीत नेलं, जिन्यात नेलं, दुकानात नेलं. शेजाऱ्यांना दाखवलं. घरी संध्याकाळी ते खुर्चीत बसून फोनवर दुसऱ्यांची मतं वाचत आणि मागच्या खोलीतून ताई मशीन चालवताना बोलत. "ती चाचणी माझ्या कानांनी घ्यायला हवी होती हो." ताईंना वाटे, आपला आवाज पोचत नसेल. मी साहेबांच्या कानात होतो. पोचत होता. शब्द न् शब्द कानापर्यंत नीट पोचत होता. कानाच्या पुढे काय होतं ती जबाबदारी कंपनी घेत नाही. माझ्या माहितीपत्रकातही तसं लिहिलंय.

सोळा तारखेला मी अखेर ताईंच्या कानात गेलो.

त्याच दुपारी एक गिऱ्हाईक आलं, कोट घेऊन. बाही किती आखूड करायची ते त्यानं सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग खोली हादरेल असं ओरडून सांगितलं आणि जाताना दाराबाहेर कुणाला तरी म्हणालं, "पुढच्या वेळी चौकातल्या दुकानात टाकू." ताईंना हे शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. मला आलं. मी ते तसंच, साहेबांच्या कानाला पुरेल एवढंच आत दिलं, आणि ते तिथे पोचायच्या आधीच विरलं. तेवढ्यापुरतं मला बरंच वाटलं.

"काही फरक नाही हो," ताई रात्रीचं ताट वाढताना म्हणाल्या.

"मला वाटलंच होतं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात मला थोडा आनंद ऐकू आला. अंदाज बरोबर आल्याचा आनंद.

"मग महिनाअखेर शिवण बंद करते," ताई म्हणाल्या. "माणसं किती वेळा सांगतील? ओरडायला लावायचं आणि वर शिलाई घ्यायची, मला नाही बरं वाटत."

साहेबांनी आमटी वाढून घेतली. मग साहेब म्हणाले, "बघ बाई. तसं असेल तर खोकी त्या खोलीत लावता येतील. इथे पाय ठेवायला जागा नाही."

ताईंनी त्यांना आणखी भात वाढला. पण मी त्यांच्या कानात होतो. कानात असलं की माणूस आवंढा गिळतो तो आवाज फार मोठा येतो.

अठरा तारखेला साहेबांनी मोठ्यानं म्हणत म्हणत मत लिहिलं. "एक तारा. मी स्वतः आठवडाभर वापरलं. आवाजात तसूभर फरक नाही. घरच्यांनीही वापरलं, त्यांचाही हाच अनुभव. खोकं मात्र दणकट." मग परत नेण्याची विनंती टाकली. सोमवारी, बावीस तारखेला गाडी येणार असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. त्या दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारतात, त्यामुळे त्यांचा आवाज ताईंना भिंतीपलीकडूनही कळतो. ताईंनी दार लावून घेतलं.

"वहिनी, मला माझ्या फोनवर ते खातं उघडून द्या. मत लिहायचं असतं त्याचं."

"तुम्हाला? साहेबांच्या घरात आणखी एक खातं?" वहिनी गरजल्या.

"हळू बोला हो!"

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येणारे का?"

यावर दोघी इतक्या हसल्या की माझ्या कानात, म्हणजे ताईंच्या कानात, वादळ झालं. मग वहिनींनी कुजबुजल्यासारखं काहीतरी केलं, जे खालच्या मजल्यापर्यंत गेलं असणार.

"पण सरळ त्यांना सांगा ना, चाचणी मी देते म्हणून."

"सांगितलं. मशीनवर बसून सांगितलं, पोळपाटाशी सांगितलं, अंथरूण घालताना सांगितलं. घरचं माणूस सांगतं ते मत नसतं, वहिनी, ती कटकट असते. तेच परक्यानं लिहिलं की साहेब चष्मा लावून वाचतात."

"बाई गं! मग नाव काय टाकू?"

ताईंनी कात्री खाली ठेवली. "सुईदोरा."

पुढचा बराच वेळ ताई एकेक अक्षर दाबत होत्या आणि वहिनी "अहो, वरची मात्रा, वरची" असं पुकारत होत्या. मी एवढंच ऐकलं. मजकूर मला दुसऱ्या दिवशी कळला, साहेबांच्या तोंडून.

वीस तारीख, शनिवार. खिडकी उघडी, पडद्याच्या कड्या वाजत होत्या. साहेब खुर्चीतून उठलेच.

"अगं! अगं, इकडे ये! एका जाणकारानं माझ्या मताखाली लिहिलंय बघ." ते खोकी ओलांडत मागच्या खोलीत आले आणि ताईंच्या समोर उभे राहून, ताईंना ऐकू जावं म्हणून ओरडून वाचू लागले. "'साहेब, आपलं परीक्षण नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण आहे. एकच शंका. कानाची चाचणी ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी दिली होती, की चांगलं ऐकू येणाऱ्यानं? आमच्या घरी हीच गफलत झाली होती.' काय मुद्दा काढलाय! आहे की नाही?"

"काय म्हणतायत ते?" ताईंनी विचारलं.

"म्हणतायत की चाचणी तू द्यायची होतीस!"

"अगंबाई," ताई म्हणाल्या. "असं असतं होय?"

"मग! कागद वाचायला नको का?" साहेब म्हणाले. "थांब, पासवर्ड मी टाकतो."

मी ताईंच्या कानात होतोच. चाचणी सुरू झाली. टूं. बटण. टीं. काही नाही. टुक. काही नाही. फोन थांबला, पुन्हा मोठ्यानं बोलला, पुन्हा थांबला. साहेब शेजारी उभे होते. सुरुवातीला ते "दाब, दाब" म्हणत होते. मग त्यांनी तेही थांबवलं. जे आवाज त्यांना तिथे उभ्या उभ्या फोनमधून ऐकू येत होते, त्यांतल्या निम्म्या आवाजांना बटण वाजलं नाही. त्या खोलीत मी साहेबांना इतका वेळ गप्प त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग मी जुळवून घेतलं. या वेळी खऱ्या कानाला. आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा मी कामाला लागलो.

ताईंनी कापडावरून हात फिरवला. कात्री उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"हा फ्रिज नेहमी असा कण्हतो?" त्यांनी विचारलं.

"कधीपासूनच!" साहेब ओरडले.

"अहो, ओरडू नका. मी इथेच आहे."

साहेबांनी आवाज खाली आणला. त्यांना ते जमेना. दोनदा घसा खाकरला. मग अगदी हळू, मशीनच्या आवाजाच्या जरासं खाली, ते म्हणाले, "येतंय का ऐकू?"

"येतंय," ताई म्हणाल्या.

माझी गोष्ट एवढीच. मी आता ताईंच्या उजव्या कानात असतो, रात्री डबीत भावाशेजारी झोपतो. तुमच्याही घरी कुणी एखादी वस्तू आणली, तर एक विनंती आहे. जगभरच्या माणसांची मतं जरूर वाचा, चष्मा लावून वाचा. मग ती वस्तू ज्याच्यासाठी आणली आहे त्यालाही एकदा विचारा. तो बहुधा शेजारच्याच खोलीत असतो, आणि त्याला तारे देता येत नाहीत म्हणून तो नुसतं सांगत असतो.

सोमवार, बावीस तारीख. हवा स्वच्छ, वारा बरा. सकाळी गाडी आली. परत नेण्याची विनंती रद्द झाली होती, म्हणून ती रिकामी गेली. खोकी पुढच्याच खोलीत राहिली. कोटवाला दुपारी आला, एकदा बोलला आणि कोट घेऊन गेला. संध्याकाळी साहेबांनी मोठ्यानं म्हणत जुनं मत बदललं: पाच तारे, आणि शेवटी "मार्गदर्शनाबद्दल श्री. सुईदोरा यांचे मनापासून आभार." मागच्या खोलीत ताईंनी मशीन थांबवलं, फोन घेतला आणि त्या मताखालचं "उपयुक्त" हे बटण दाबलं.