सोपे सहा विषय

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या ऑफिसातली तीन नंबरची खिडकी कधी रिकामी नसायची. खिडकीआड हेडक्लार्क बाई बसायच्या. त्यांच्या शिक्क्याशिवाय एकही फॉर्म पुढे सरकत नसे, म्हणून पोरं त्यांना शिक्केबाई म्हणायची. अर्थात, पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

सहा वर्षांपूर्वी कॉलेजनं मोठा बदल केला. त्याआधी प्रत्येकाला, मग तो यंत्रं शिकणारा असो नाहीतर वाणिज्य, सामान्य शिक्षणाचे ठरलेले सहा विषय घ्यावेच लागत. लेखन होतं, इतिहास होता, संख्याशास्त्र होतं. पोरं नाक मुरडत वर्गात बसायची. नव्या नियमानं चाळीस विषयांची यादी आली आणि त्यातले कुठलेही सहा निवडायची मुभा मिळाली. विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य मिळालं म्हणून भाषणं झाली, टाळ्या पडल्या. पण चाळीस विषयांची यादी हातात आल्यावर अठरा वर्षांचं पोर करणार काय? ते खिडकीत डोकं घालून विचारायचं, "मॅडम, काय घेऊ?"

बाईंनी त्यावर तोडगा काढला. सगळे निकाल त्यांच्या हाताखालून जायचे. कोणते सर हात सैल सोडून गुण देतात, कुठल्या विषयाला परीक्षाच नाही, कुठला तास प्रॅक्टिकलच्या आड येत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यातून त्यांनी सोपे सहा विषय निवडले, कागदावर टाइप केले आणि टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवले. कुणी विचारलं की काचेवर बोटानं टकटक करायच्या. रांग भराभर सरकायची. बघता बघता दहातली आठ पोरं तेच सहा विषय घेऊ लागली. म्हणजे जुने ठरलेले सहा गेले आणि नवे ठरलेले सहा आले. फरक एवढाच, की जुने निदान कुणीतरी विचार करून ठरवले होते.

लेखन त्या सहांत नव्हतं. लेखनाचे सर दर आठवड्याला एक पान लिहून घेत, लाल शाईनं रंगवून परत देत आणि पुन्हा लिहायला लावत. एवढा ताप विकत कोण घेणार?

बाईंचा एकुलता एक मुलगाही त्याच कॉलेजात यंत्रांचा अभ्यासक्रम शिकायला होता. मुलगा अबोल. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. कुणास ठाऊक कसं, त्यानं आपण होऊन लेखन या विषयावर खूण केली होती. जेवायच्या टेबलावर बाईंनी फॉर्म पाहिला आणि खोडरबर मागवलं. "कारखान्यात जायचंय की कादंबऱ्या लिहायच्यात?" असं म्हणून त्यांनी ती खूण पुसली. मुलानं त्या जागी काचेखालच्या सहांतला एक विषय भरला. तो उत्तम गुणांनी पास झाला, अवजड पाइप तयार करणाऱ्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागला, आणि बाईंना वाटलं, आपण किती योग्य केलं.

मुलाचं काम क्रेनचे लोखंडी दोर तपासायचं. दर सोमवारी दोराची जाडी मोजायची आणि अहवाल विभागप्रमुखांकडे द्यायचा. एका क्रेनचा दोर झपाट्यानं झिजत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. पाच आठवडे त्यानं चोख मोजमाप केलं, तक्ता भरला, सही करून पाठवला. विभागप्रमुख खरेदी खात्यातून बढतीवर आलेले. त्यांनी आकडे पाहिले, कागदाला छिद्र पाडलं आणि फायलीत लावला.

सहाव्या आठवड्यात दोर तुटला. खाली फिटरकाका उभे होते. मुलाला कारखान्यातलं काम बोट धरून शिकवलं ते याच काकांनी. ते जागच्या जागी गेले.

चौकशीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी मुलासमोर त्याचाच अहवाल धरला. क्रेन बंद करा असं यात कुठं लिहिलंय, असं त्यांनी विचारलं.

"आकड्यांत आहे ना," मुलगा म्हणाला.

यावर कुणी रागावलं नाही. विभागप्रमुखांवर ठपका आला, त्यांची बदली झाली. मुलावर कसलाच आरोप नव्हता. पण त्यानं नोकरी सोडली आणि खोलीत जाऊन बसला. तीन महिने तो घरात कुणाशी धड बोलला नाही. ताट समोर ठेवलं तर चार घास खायचा. बाई त्याच्या दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि दार न वाजवताच परत फिरायच्या. हा मुलगा आपल्या हातून जाणार, या भीतीनं त्यांचा जीव पोखरला होता.

शेवटी बाई त्या अहवालाची प्रत घेऊन लेखनाच्या सरांकडे गेल्या. घडलेलं सगळं सांगून, यात चुकलं काय, ते एकदा सांगा म्हणाल्या. सरांनी कागद दोनदा वाचला.

"मोजण्यात एक चूक नाही," सर म्हणाले. "पण वाचणाऱ्याला दोरातलं काही कळत नाही, हे लिहिताना याच्या मनातच आलं नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं."

"म्हणजे सक्तीच हवी होती, असंच ना?"

"सक्ती होती तेव्हा दीडशे पोरं वर्गात कोंबलेली असायची. मी निबंध सांगायचो, ती घोकायची. ते काही शिक्षण नव्हतं. म्हणूनच मोकळीक द्या म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण मोकळीक म्हणजे पोराला यादीपुढं उभं करून आपण निघून जाणं नव्हे, बाई. तुला काय येत नाही, कशाची भीती वाटते, हे बसून विचारायला हवं होतं. आम्ही मास्तरांनी विचारलं नाही. ते काम तुमच्या खिडकीवर येऊन पडलं, आणि तुम्ही रांग संपवलीत."

बाईंना रडू फुटलं. त्यांनी न विचारता काय केलं होतं, ते त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. मुलाला नेमकं काय येत नाही हे त्याला स्वतःला कळलं होतं! त्याच विषयावर त्यानं खूण केली होती, आणि ती आईनं मायेनं पुसली होती.

दुसऱ्या दिवशी काचेखालचा कागद त्यांनी काढून फाडला. पुढच्या आठवड्यात विषयांबद्दल समितीची बैठक होती. अर्धे जण म्हणत होते, जुनी सक्ती आणा. अर्धे म्हणत होते, आहे ते छान चाललंय, मुलं खूश आहेत. इतिवृत्त लिहायला बसलेल्या बाई उठल्या आणि मुलं खूश का आहेत ते त्यांनी सांगितलं. कागदाचं सांगितलं, खोडरबराचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, हे इतिवृत्तात नको. बाईंनी ते लिहिलं. त्यांना लेखी ताकीद मिळाली. समितीनं ठरवलं, की लेखन आणि संख्याशास्त्र सर्वांना, तेही छोट्या वर्गांत. उरलेले चार विषय मुलांनी शिक्षकासोबत बसून, बोलून निवडायचे.

घरी आल्यावर बाईंनी मुलाला सगळं सांगितलं, माझं चुकलं असंही म्हणाल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फिटरकाकांच्या घरी, काकूंकडे जायचंय. मी एकटा नाही जाऊ शकत. पण बोलेन मी, तू नको बोलूस."

रविवारी सकाळी दोघं फिटरकाकांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं. मुलगा पुढं झाला.

"काकू, दोर टिकणार नाही हे मला कळलं होतं. मी लिहिलं, पण कुणाला समजेल असं नाही लिहिलं. तोंडानं सांगायला हवं होतं, तेही नाही सांगितलं."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "आज जसं सांगितलंस, तसं तेव्हा..." एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी आत या म्हटलं नाही, आणि दारही लावलं नाही. तिघं तशीच उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभी राहिली.

विषय ठरवून द्यावेत की निवडू द्यावेत, यावर आपण सगळे खुशाल वाद घालू. पण जे आपल्या मुलांना अवघड जातं, त्यापासून त्यांना मायेनं सोडवू नका. ते न शिकल्याची शिक्षा दरवेळी आपल्याच घराला होते असं नाही.