साक्षीदार एनॉक बार्लो

प्रश्न चौथा. अर्जदार बाई या जमिनीवर सलग राहिली आहे काय?

शेजारच्या गॅडिसबाईंनी जमीन-कचेरीच्या कारकुनापुढे बायबलवर हात ठेवून सांगून टाकलं, "एक रात्र हलली नाही, साहेब. खुडूक कोंबडीसारखी बसून आहे." नेब्रास्कात सगळे शेजारी एकमेकांसाठी अशीच साक्ष देत.

अर्जदार ओर्फा लिंडली बाकावर बसून मनात पडदे शिवत होती. सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली की फुकट आपली होते, असा कायदा होता. पाच वर्षं. मातीच्या ढेकळांचं घर, विहीर, चाळीस एकर मका. आज जमीन तिच्या नावावर होणार, उद्या एनॉकशी लग्न. हा क्रम तिचा होता. आधी स्वतःची जमीन, मग नवरा.

दुसरा साक्षीदार एनॉकच. क्वेकर पंथाचा. त्याने टोपी काढली नाही, बायबलला हात लावला नाही. "आम्ही शपथ घेत नाही, मित्रा. एरवीही खरंच बोलतो."

"बरं बाबा. प्रश्न चौथा."

"नाही."

कारकुनाचा टाक थांबला.

"ऑक्टोबरात माझा पाय मोडला. मेपर्यंत ती माझ्या घरी होती."

प्रश्न चौथा, पुन्हा. सहा महिन्यांवर गैरहजेरी म्हणजे जमीन गेली, हे कारकुनाला ठाऊक होतं. त्याने वाट काढून दिली. "नीट आठवा, बार्लो. रात्री आपल्या घरी जात असेल की."

"नाही. रात्री माझ्या उशाशी असायची."

कुणीतरी खोकलं. गॅडिसबाई पुटपुटल्या, "अरे मेल्या, लग्न तरी होऊ द्यायचं होतंस."

ओर्फाच्या मनातली शिवण थांबली. सात महिने याला पेज भरवली. याचं अंथरूण. याचा पाय. खोटं बोल, असं तिने त्याला सांगितलं नव्हतं. घास चावून खा, असं कुणी सांगतं का?

प्रश्न पाचवा विचारलाच नाही. कारकुनाने कागदावर आडवी रेघ मारली.

"ओर्फा," एनॉक म्हणाला, "माझी जमीन आहे ना."

"तुझी आहे."

"तू मागितलं असतंस तरी मला तसं बोलता आलं नसतं."

"कळलं आता."

ती उठली, टेबलापाशी गेली. "साहेब, त्याच जमिनीवर नवा अर्ज करता येईल?"

"येईल. पण मोजणी आजपासून. पुन्हा पाच वर्षं." त्याने चष्म्यावरून एनॉककडे पाहिलं. "आणि लग्न झालेल्या बाईला नवा अर्ज मिळत नाही. नंतर नवऱ्याच्या घरी राहायला गेलात, तरी तो रद्द."

"द्या."

प्रश्न पहिला. नाव. ओर्फा लिंडली.

प्रश्न दुसरा. विवाहित की अविवाहित?

गॅडिसबाईंनी तोंडावर हात ठेवला. उद्याच्या लग्नाचा केक भट्टीत होता त्यांचा.

"अविवाहित," ओर्फा म्हणाली. मग मान न वळवता, "पाच वर्षं थांबशील, एनॉक?"

खिडकीबाहेर त्याची घोडी खूर आपटत होती. कारकून टाक शाईत बुडवून वाट पाहत राहिला, जणू हाही छापील प्रश्न असावा.

"माहीत नाही," एनॉक म्हणाला.

ओर्फाने सही केली.